गालिचा उलटा करून बघा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात मोरोक्कोच्या एका चिंध्यांच्या गालिच्याचा फोटो छापला होता आणि खाली चारच ओळी लिहिल्या होत्या, की हे अमाझिग (उत्तर आफ्रिकेतला एक मूळ रहिवासी समाज) बायकांनी जुन्या कपड्यांपासून विणलेलं आहे आणि आपल्या गोधडीची आठवण करून देणारं आहे. त्यावर इतके प्रश्न आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. सगळी पत्रं घेता आली नाहीत, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, माझे मिस्टर बोटीवर असतात. मागच्या खेपेला त्यांची बोट कासाब्लांकाला फॉस्फेट भरायला लागली होती तेव्हा तिथल्या जुन्या बाजारातून त्यांनी एक गालिचा आणला. दुकानदाराने "बूशरवीत" असं काहीतरी नाव सांगितलं म्हणे. सासूबाई म्हणाल्या, एवढा सातासमुद्रापलीकडे गेलास आणि पायपुसणं घेऊन आलास? मला मात्र तो आवडलाय. त्यात टीशर्टचे तुकडे आहेत, मध्येच चमकीचा धागा आहे, आणि एका ठिकाणी चक्क शर्टाचं काज आहे. हे नक्की आहे काय? (एक वहिनी, वेंगुर्ले)

उत्तर : वहिनी, ते काज सापडलं म्हणून लिहिलंत ना, तिथेच अर्धं उत्तर आलं बघा. बूशरवीत म्हणजेच चिंध्यांचा गालिचा. मोरोक्कोत जी बोलीतली अरबी बोलतात तिला दारिजा म्हणतात, तिच्यात या शब्दाचा अर्थ फाटक्या, वापरलेल्या कपड्याचा तुकडा असा होतो. म्हणजे नावातच सगळं सांगून टाकलंय, काही लपवलेलं नाही. विणणाऱ्या बाया अमाझिग समाजाच्या. मध्य अॅटलस डोंगररांग आणि तिच्या आजूबाजूची बूजाद, बेनी मेल्लाल, खुरिब्गा ही गावं, या भागात हे काम जास्त झालं.

आणि गंमत बघा, तुमच्या मिस्टरांच्या बोटीत जे फॉस्फेट भरलं ते बहुतेक याच खुरिब्ग्याचं असणार. तिथे १९२१ पासून फॉस्फेटच्या खाणी चालू आहेत आणि तिथला माल रेल्वेने कासाब्लांका बंदरात येतो. जगातल्या फॉस्फेटच्या साठ्यापैकी सुमारे ७० टक्के साठा एकट्या मोरोक्कोकडे धरतात, आणि आपल्याकडे डीएपी खत करायला लागणारा कच्चा माल मोठ्या प्रमाणात तिथूनच येतो. म्हणजे आपल्या भाताला नि कलमांना घालतो त्या खताची आणि तुमच्या ओटीवर पसरलेल्या गालिच्याची माती एकाच मुलखातली असू शकते. मला हे कळलं तेव्हा मी दोन दिवस भेटेल त्याला सांगत होते.

आता हा प्रकार सुरू कसा झाला ते. अमाझिग बायका पिढ्यान् पिढ्या लोकरीचे गालिचे विणत आल्या. मेंढ्या घरच्या, लोकर घरची, कातायचं घरी, रंगवायचं घरी. पण गेल्या शतकात भटकं पशुपालन कमी होत गेलं, लोकं गावांत आणि शहरांत स्थिरावली, कळप लहान झाले, जी लोकर होती ती विकून रोख पैसे मिळवायची गरज पडली, आणि त्याच वेळी आठवडी बाजारात तयार कपडे आणि युरोपातून येणारे जुने कपडे स्वस्तात मिळायला लागले. थंडी मात्र तेवढीच. अॅटलसमध्ये हिवाळ्यात बर्फ पडतं, तिथे जमिनीवर अंथरायला जाड काहीतरी लागणारच. मग साधारण १९६०-७० पासून बायकांनी लोकरीऐवजी चिंध्या लावायला सुरुवात केली, आधी थोड्या, लोकरीत मिसळून, आणि पुढे पुढे अख्खा गालिचाच चिंध्यांचा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे ओळीने दुष्काळ पडले, तेव्हा तर लोकर आणखीच दुर्मिळ झाली. माग तोच, गाठ तीच, आईकडून शिकलेला हात तोच, फक्त हातात लोकरीऐवजी नवऱ्याची जुनी पॅंट, पोराचा स्वेटर, नायलॉनचा गाऊन आणि प्लास्टिकच्या पोत्याची पट्टीसुद्धा.

हे गालिचे विकायला केलेलेच नव्हते, ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. लोकरीचा चांगला गालिचा बाजारात जायचा, लग्नात द्यायचा. चिंध्यांचा घरात राहायचा, बसायला नि झोपायला. त्यामुळे गिऱ्हाइकाला काय आवडेल याचा विचार करायची गरज नव्हती, आणि त्या बायकांनी रंगांचं जे काही केलंय ते मोकळ्या हाताने केलंय. लाल संपला की गुलाबी, गुलाबी संपला की जे असेल ते. बाहेरच्या संग्राहकांचं लक्ष त्यांच्याकडे गेलं ते फार उशिरा, आणि आता तेच गालिचे न्यूयॉर्क-पॅरिसच्या गॅलऱ्यांत भिंतीवर टांगलेले असतात.

सासूबाईंना सांगा, पायपुसणं नाही म्हणावं, पण चिडू नका त्यांच्यावर. आपल्याकडे चिंध्यांचं विणलेलं काहीही म्हटलं की पायपुसणंच डोळ्यापुढे येतं, त्यांचा दोष नाही. त्यांना एकदा गालिचा उलटा करून दाखवा. पायपुसण्यात चिंध्या नुसत्या आडव्या विणलेल्या असतात, वर-खाली वर-खाली, झालं. यात मागून बघितलंत तर आडव्या ओळींच्या मधे मधे बारीक फुगवट्यांची रांग दिसेल. तो प्रत्येक फुगवटा म्हणजे हाताने मारलेली एक गाठ. ताण्याच्या, म्हणजे मागावर उभ्या ताणलेल्या, दोन धाग्यांवर चिंधी आडवी ठेवायची, तिची दोन्ही टोकं बाहेरून मागे न्यायची आणि दोन धाग्यांच्या मधून पुढे ओढायची. तुर्की गालिच्यात असते तीच गाठ. अशी एक रांग झाली की तीन-चार वेळा आडवा बाणा घालून लोखंडी फणीने ठोकून घट्ट करायचं आणि मग पुढची रांग. सासूबाईंनी शिवणकाम केलं असेल तर त्या बोट फिरवूनच ओळखतील यात किती काम आहे ते.

प्रश्न : मी सावंतवाडीला आर्टचा कोर्स करतो. नेटवर याला सगळीकडे "बर्बर रग" म्हणतात. बर्बर म्हणजे तर आपल्याकडे रानटी. तुम्ही अमाझिग का लिहिलंत? आणि त्यातल्या चौकोनांचा, शंकरपाळ्यांचा अर्थ काय असतो, दृष्ट लागू नये म्हणून असतात का? (मूळ गाव मालवण)

उत्तर : तू बरोबर ठिकाणी अडलास. आपला बर्बर आणि त्यांना चिकटलेला बर्बर, दोघांचं मूळ एकच धरतात. ग्रीक लोक ज्यांची भाषा कळत नाही त्यांना बार्बरोस म्हणायचे, म्हणजे बडबड करणारे, आणि संस्कृतातही परक्यांसाठी बर्बर शब्द होताच. उत्तर आफ्रिकेतल्या या मूळ रहिवाशांना बाहेरच्यांनी दिलेलं ते नाव. ते स्वतःला अमाझिग म्हणतात, अनेकवचनात इमाझिगन, आणि त्याचा अर्थ स्वतंत्र माणसं असा सांगतात. आता तूच सांग, एखाद्याचं स्वतःचं इतकं छान नाव असताना आपण त्याला रानटी का म्हणायचं, तेही मराठीत, जिथे तो शब्द सरळ शिवीसारखाच ऐकू येतो. त्यांच्या भाषेला, तामाझिग्तला, मोरोक्कोच्या २०११ च्या राज्यघटनेने अधिकृत भाषेचा दर्जा दिला, तिची तिफिनाग नावाची स्वतःची लिपी आहे. दुकानाच्या पाटीवर बर्बर असेल तर असू दे, सर्च करायला तोच शब्द लागतो, पण बोलताना लिहिताना अमाझिग म्हण.

शंकरपाळ्यांचं म्हणशील तर जरा सांभाळून. हा आकार, वाकडीतिकडी नागमोडी रेघ, फुली, हे सगळं अमाझिग कामात सगळीकडे दिसतं, लोकरीच्या गालिच्यांत, मातीच्या भांड्यांवर, जुन्या बायकांच्या गोंदणात. त्याचा संबंध बाईपणाशी, संरक्षणाशी लावतात. पण दुकानदार एकेका खुणेची जी गोष्ट रंगवून सांगतो ती त्या विणणारीच्या मनात होतीच असं नाही. चिंध्यांच्या गालिच्यात तर बरेचदा शंकरपाळा सुरू होतो आणि अर्ध्यात मोडतो, कारण निळं कापड संपलेलं असतं. मला ती मोडलेली जागाच बघायला आवडते. तिथे बाई थांबलीय, उरलेल्या ढिगात हात घातलाय, काय आहे ते चाचपलंय आणि ठरवलंय, ठीक आहे, इथून पुढे केशरी. कागदावर नक्षी काढून घेतलेली नाही, पुढे काय येणार ते गाठ मारेपर्यंत तिलाही माहीत नाही. तू चित्र काढतोस, तुला हे माझ्यापेक्षा जास्त कळेल.

प्रश्न : गो, माका एक सांग, ह्या चिंध्यांक येवडे पैसे कोण देता? आमच्या आयेन जन्मभर गोधडे शिवले, तेंका कोणी इचारल्यान नाय. (एक आजी, देवगड, नातवाने लिहून पाठवलंय)

उत्तर : आजी, तुमचा प्रश्न वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते. तुमचं म्हणणं खरं आहे आणि मला त्याचं वाईट वाटतं.

माझ्या आजीची एक गोधडी माझ्याकडे आहे. वरचा पदर तिच्या हिरव्या लुगड्याचा, खालचा कुणाच्या तरी धोतराचा, आत काय काय कोंबलंय देव जाणे, एका कोपऱ्यात आत माझ्या काकाच्या शाळेच्या खाकी चड्डीची जाड शिवण हाताला लागते. एप्रिल-मे मध्ये, आंब्याच्या गडबडीतून सवड काढून, ओटीवर चार बायका चार कोपऱ्यांना बसायच्या आणि बाहेरून आत, बाहेरून आत धावदोरा घालत मधे यायच्या. पाऊस लागायच्या आत गोधडी व्हायलाच पाहिजे. मोरोक्कोतली बाई विणते नि गाठ मारते, आपली बाई थरावर थर ठेवून टाके घालते, काम वेगळं आहे, पण घरातलं एकही कापड फुकट जाऊ द्यायचं नाही हा हिशोब दोघींचा सारखाच. दोघींनी ते घरच्यांसाठी केलं, दोघींचं नाव कुठे लिहिलेलं नाही.

आणि आपल्या खालच्या बाजूला, उत्तर कन्नडमध्ये हल्याळ-येल्लापूरकडे सिद्दी समाजाच्या बायका कवंदी शिवतात, म्हणजे त्यांची गोधडी. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्याही कडेकडेने सुरुवात करून गोल गोल आत येतात, आणि शेवटी चार कोपऱ्यांना कापडाची तिकोनी फुलं लावतात, फुला म्हणतात त्याला. फुलाशिवाय कवंदी पुरी झालीच नाही, ती उघडीनागडी राहिली असं त्या मानतात. त्या कवंद्या आता प्रदर्शनांत जातात, त्यांना बऱ्यापैकी मोल मिळतं. म्हणजे विचारणारे आहेत आजी, उशिरा आलेत.

पैशाचं सांगते. तिकडेही गॅलरीत लागलेल्या किमतीतला फार थोडा भाग विणणाऱ्या बाईच्या हातात पडलाय. गावात फिरणारा दलाल एखादी चादर नाहीतर थोडे पैसे देऊन जुना गालिचा घेऊन जायचा, आणि पुढे तो हात बदलत बदलत कुठल्या कुठे पोचायचा. तुमच्या आईच्या गोधड्यांपैकी एक जरी शिल्लक असेल तरी ती भांडीवालीला किंवा बोहारणीला देऊ नका. नातवाला सांगा, तुम्ही बोलताय ते फोनवर रेकॉर्ड करून ठेव, कुठला तुकडा कुणाच्या लुगड्याचा, कुठल्या वर्षीच्या शिमग्याला घेतलेला. ते तुमच्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही.

प्रश्न : आमचं दिवेआगरला होमस्टे आहे. रूममध्ये असे दोन जुने बूशरवीत टाकायचा विचार आहे, ऑनलाइन बघतोय. सगळेच "व्हिंटेज" म्हणतात. खरा जुना कसा ओळखायचा? आणि पावसाळ्यात टिकेल का? (एक वाचक)

याच्या जोडीला रत्नागिरीच्या एका ताईंनी विचारलंय की त्यांच्या गालिच्याला मागच्या पावसाळ्यात पांढरी बुरशी धरली, कुबट वास येतोय, आता वॉशिंग मशीनला लावू का.

उत्तर : आधी ताईंचं, कारण ते तातडीचं आहे : मशीनला अजिबात लावू नका! एका गालिच्यात सुती, लोकर, नायलॉन, लायक्रा सगळं एकत्र असतं, पाण्यात प्रत्येक वेगळं वागतं, लोकर आटते, होजियरी लोंबते, लाल चिंधीचा रंग शेजारच्या पांढऱ्यात उतरतो, आणि भिजून जड झालेला गालिचा मशीनने पिळला की आतला ताणाच तुटतो. ताणा तुटला की गाठी सुटायला लागतात, मग त्याला कुणी वाली नाही.

काय करायचं ते सांगते. नाकातोंडाला रुमाल बांधा, गालिचा बाहेर अंगणात न्या (घरात झटकाल तर बुरशी सगळ्या घरभर होईल), उन्हात पालथा घाला, चार-पाच तास, मग सुलटा. सगळं खडखडीत वाळल्यावरच मऊ ब्रशने झाडा, ओलसर असताना ब्रश मारला तर बुरशी आत चोळली जाते. दोन-तीन दिवस हेच करा. वास बहुतेक जातो. नाहीच गेला तर धुवायचा विचार करा, पण त्याआधी पांढरं फडकं ओलं करून प्रत्येक रंगावर दाबून बघा, फडक्याला रंग लागला तर थांबा. रंग पक्के असतील तर मार्च-एप्रिलच्या कडक उन्हात, सकाळी लवकर, थंड पाण्यात अगदी थोडा सौम्य साबण, पिळायचं नाही, उतरत्या फळीवर आडवा पसरून निथळू द्यायचा, दांडीवर ओला लटकवायचा नाही. संध्याकाळपर्यंत वाळणार नाही असं वाटत असेल तर धुऊच नका.

आता पावसाळ्याचं, दोघांसाठी. कोकणात कापडाचा खरा शत्रू धूळ नाही, ओल आहे, आणि खारा वारा ती ओल धरून ठेवतो. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर घर असेल तर जमिनीवर टाकलेला गालिचा जुलैमध्ये खालून ओला होणारच, फरशी असो नाहीतर सारवलेली जमीन. म्हणून माझं सरळ मत आहे की मिरग लागायच्या आत गालिचा उचला आणि ऑक्टोबरचं ऊन पडल्यावर परत काढा. उचलताना आधी दोन दिवस कडक ऊन दाखवा, मग घरात आणून पूर्ण गार होऊ द्या, गरम गरम गुंडाळलात तर आत घाम धरतो. घडी घालू नका, घडीवर चिंध्या मोडतात आणि कसरही तिथेच लागते. जाड पाइपावर जुनी सुती साडी गुंडाळा, त्यावर गालिचा पुढची, चिंध्यांच्या टोकांची बाजू बाहेर येईल असा गुंडाळा, वरून परत सुती चादर. प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा मोह होतो, पण आत राहिलेली ओल कुठे जाणार? माळ्यावर किंवा भिंतीला टेकून नको, पलंगावर किंवा कपाटात उंच, आणि पावसात उघाडी मिळाली की एकदा काढून वारा द्या. डांबरगोळ्यांनी कसर थोडी लांब राहते पण बुरशीला त्याचं काही नाही, तेवढ्यावर विसंबू नका.

रोजच्या झाडझुडीला व्हॅक्यूम चालेल, पण फिरता ब्रश काढून आणि कमी जोरावर, नाहीतर चिंध्यांचे फास ओढून बाहेर येतात. काठीने बडवू नका. आपल्या जांभ्याची लाल धूळ आत बसते हे मान्य, त्यासाठी गालिचा उलटा करून जमिनीवर नुसता आपटा, दोघांनी दोन टोकं धरून, बरीचशी धूळ खाली पडते. आणि होमस्टेवाल्या दादांना एक विनंती, समुद्रावरून ओल्या वाळूच्या पायांनी माणसं येतात त्या दारात हा टाकू नका. वाळूचे खडे आत जाऊन ताणा कापतात. आतल्या खोलीत, पलंगाच्या बाजूला, नाहीतर भिंतीवर लावा.

जुना कसा ओळखायचा? परत तेच, उलटा करा. ऑनलाइन घेत असाल तर मागच्या बाजूचे फोटो मागा, भर दुपारच्या उजेडात काढलेले, आणि विकणारा ते देत नसेल तर पुढे जाऊ नका. वापरून जुना झालेला गालिचा पुढून फिका आणि मागून गडद असतो, आणि फिकेपणा सगळीकडे सारखा नसतो, जिथे माणसं बसली उठली तिथे जास्त. पुढून मागून दोन्हीकडे एकसारखा फिका असेल तर तो केमिकलने धुऊन जुना केलेला असण्याची शक्यता बरीच, असे करतात. दुसरं म्हणजे चिंध्या बघा. घरच्या कपड्यांच्या असतील तर रुंदी कमीजास्त, मध्येच शिवण, दुमड, काज, इलॅस्टिक, पन्नास प्रकारची कापडं. नव्या, बाजारासाठी केलेल्या मालात कारखान्यातल्या कात्रणाच्या एका मापाच्या पट्ट्या असतात, चार-पाचच रंग परत परत येतात, कडा पट्टीने आखल्यासारख्या सरळ. जुने गालिचे बरेचसे लांब आणि अरुंद, कुठे कडेला आत गेलेले कुठे बाहेर आलेले.

कापडावरूनही अंदाज लागतो. लायक्राचा शोध १९५८ चा, त्यामुळे लायक्राची ताणणारी होजियरी असलेला गालिचा कुणी १९४० चा म्हणून विकत असेल तर उठून चालू लागा. मुळात १९६० च्या आधीचा बूशरवीत असं कुणी सांगत असेल तरी शंका घ्या. दोन धागे मागून उपटून चिमट्यात धरून पाण्याच्या वाटीवर जाळून बघता येतात, सुती असेल तर कागद जळल्याचा वास आणि भुरभुरीत राख, लोकर असेल तर केस जळल्याचा वास, नायलॉन-पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. सिंथेटिक निघालं म्हणून नाक मुरडू नका हां, तसं असणं हाच या गालिच्याचा धर्म आहे. शंभर टक्के लोकर हवी असेल तर बेनी ऊरैन या अमाझिग टोळ्यांचे पांढऱ्यावर काळ्या रेघांचे गालिचे घ्या, ते वेगळे.

आणि नवा असला म्हणजे वाईट असंही नाही. आज विणणाऱ्या बाईला आज पैसे मिळतात, जुन्यात ते दलालाला मिळतात. नवा घ्या, फक्त नवा म्हणून घ्या आणि नव्याच्या किमतीत घ्या.

प्रश्न : माझ्या आईच्या सहा-सात जुन्या सुती साड्या आहेत. आई गेल्या वर्षी गेली. द्यायला मन होत नाही, नेसायच्या अवस्थेत नाहीत. असा गालिचा मला घरी करता येईल का? माग नाहीये. (गुहागर)

उत्तर : येईल गं. पहिला गालिचा मोठा धरू नकोस, दीड फूट बाय दोन फूट पुष्कळ झाला, पण मी तुला दोन बाय तीन फुटांचा हिशोब देते म्हणजे कापड किती लागेल ते कळेल.

माग म्हणजे शेवटी चौकटच. मोडक्या खाटेची, जुन्या खिडकीची, कुठलीही लाकडी चौकट जी हातात हलत नाही. तिच्या वरच्या आणि खालच्या दांड्यावर सेंटिमीटरला एक असे खिळे मार आणि पक्की सुती दोरी वर-खाली घट्ट ताणून घे, साठ धागे. तुणतुण्यासारखी तार वाजली पाहिजे, सैल ताण्यावर काहीच बसत नाही. साडी धुऊन, वाळवून, काठ आणि पदर वेगळे काढ, ते कापू नकोस अजून. मधल्या अंगाच्या दोन सेंटिमीटर रुंद पट्ट्या फाड, कात्री फक्त सुरुवातीला लाव, पुढे हाताने फाड, सुती साडी सरळ फाटते. त्यातल्या निम्म्याहून जास्त पट्ट्यांचे आठ-आठ सेंटिमीटरचे तुकडे कर, गाठींसाठी. बाकीच्या लांबच राहू देत, आडव्या बाण्यासाठी.

खालून सुरुवात. आधी लांब पट्टीने पाच-सहा ओळी साध्या विण, वर-खाली, आणि जेवायच्या काट्याने ठोकून बसव. मग वर पहिल्या उत्तरात सांगितली तशी गाठ, दोन दोन धाग्यांवर एक, म्हणजे एका रांगेत तीस गाठी. मग बाण्याच्या तीन ओळी, ठोक, परत गाठी. दोन सेंटिमीटरला एक रांग धरली तर तीन फुटांत पंचेचाळीस रांगा, म्हणजे साडेतेराशे गाठी. आकड्याला घाबरू नकोस, रोज संध्याकाळी एक रांग म्हटली तरी दीड महिन्यात होतो, आणि कापड अख्ख्या एका साडीपेक्षाही कमी लागतं. कडा आत ओढल्या जातात, सगळ्यांच्याच जातात, आडवी पट्टी घालताना जरा कमान करून सैल सोड मग ओढणार नाहीत.

सहाही साड्यांतलं थोडं थोडं घे. रंगांची आखणी आधी करू नकोस, सगळे तुकडे एका परडीत टाक आणि हाताला येईल ते लाव, दोन रांगांनंतर तुझं तुलाच कळायला लागेल कुठे कुठला रंग हवाय. काठाचे तुकडे ठेवलेत ना, त्यांच्या गाठी मधे मधे मार, जरीचा काठ असेल तर तो लांबून चमकतो. आईच्या एखाद्या साडीला रफू केलेलं असेल, तर तो तुकडाही टाकून देऊ नकोस, त्याचीही गाठ मार.

एप्रिलच्या आत सुरू कर. पावसात सुती पट्ट्या दमट होतात आणि ठोकलेली ओळ नीट बसत नाही. अडलीस तर मागच्या बाजूचा फोटो काढून पाठव, पुढचा नको, मागून मला लगेच कळेल कुठे चुकतंय.